पावाचे यंत्र

आमच्या घरात आजवर जी जी यंत्रे आली, त्यांपैकी एकही माझ्या सल्ल्याने आले नाही. प्रत्येकाला मी विरोध केला आणि प्रत्येक वेळी हरलो. १९८४ साली मिक्सर आला, तेव्हा पाट्या-वरवंट्याची बाजू घेऊन मी अर्धा तास बोललो होतो. सौ.ने सारे ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच विचारले, "तुम्ही कधी वाटली का चटणी?" पुढे गॅस आला तेव्हा मी चुलीवरच्या चवीचा मुद्दा काढला, फ्रिज आला तेव्हा माठातल्या पाण्याचा. दोन्ही वेळा तिचा प्रश्न तोच होता; फक्त क्रियापद बदलले होते. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. तीन उदाहरणांची उत्तरे चुकली म्हणजे मुलाची रीतच चुकते आहे, हे वर्गात माझ्या तात्काळ ध्यानात येई. घरी आले नाही.

यंदा दसरा झाला आणि चार दिवसांनी मुलीचा फोन आला. ती अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, "अण्णा, आईसाठी पाव करायचं मशीन मागवू का? दिवाळीची सूट चाललीय. मी इथून पैसे भरते, औशाला घरपोच येतंय."

मी सवयीप्रमाणे "बघू" म्हणालो. आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ 'नको' असा होतो, हे ती लहानपणापासून जाणते.

"बघू नका," ती म्हणाली. "हिशेब करा. तुम्हाला येतंय की ते."

हे सारे निघाले ते तिच्या आईच्या मनगटावरून. गेल्या आषाढात अंगणातल्या शेवाळावर पाय घसरून सौ. उजव्या हातावर पडली. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. तो काढल्यावर लातूरच्या डॉक्टरांनी सांगितले की, हलके काम चालेल. पिळणे, रगडणे आणि थापणे बंद. डॉक्टर अगदी तरुण होते. 'थापणे' हा शब्द त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचला नसणार. आपल्या आईकडे पाहून घेतला असावा. औशातल्या बाईला थापणे बंद म्हणजे गवयाला गाणे बंद करण्यासारखे आहे, असे एक सुंदर वाक्य मला परतताना एस्टीत सुचले आणि मी ते बोलूनही दाखवले. खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "गवयाला रोज दोन्ही वेळेला गावंच लागतंय का?" पुढे औसा येईपर्यंत मी गप्प बसलो.

आमचा हा मुलूख ज्वारीचा. आता शिवारात जिकडे तिकडे सोयाबीन दिसते, रेशनवर गहू मिळतो, आणि ज्वारीचा भाव गव्हाच्या वर गेलेला मी याच जन्मी पाहिला. २०२३ हे वर्ष तर साऱ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. ज्या ज्वारीला आम्ही गरिबाचे धान्य म्हणत होतो, तिच्यावर दिल्लीत परिषदा भरल्या. पण परिषदा भरोत वा न भरोत, ताटात भाकरी नसेल तर जेवण झाले असे माझ्या पिढीला वाटतच नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून तांबडी मिलो ज्वारी आली होती. तिच्या पिठाला विरी म्हणून नसे. थापायला घेतली की भाकरीला कडेने चिरा पडत, उचलायला गेले की तिचे दोन तुकडे होत. आई ते तुकडे तव्यावर शेजारी शेजारी मांडून भाजायची. आम्ही तेही खाल्ले आणि त्याला भाकरीच म्हणालो.

पाव आमच्या गावात नव्हता असे नाही. औसा निजामाच्या राज्यातले गाव. पाव, खारी, नानखटाई भाजणाऱ्या भट्ट्यांचा वास आमच्या ओळखीचा होता. पण पाव हे आजाऱ्याचे खाणे. अंगात ताप असला की चहात बुडवून पाव मिळायचा, आणि मुले त्या पावासाठी तापाची वाट पाहायची. रस्त्याने कोणी पावाची पुडी घेऊन चालला की लोक थांबवून विचारीत, "घरी कोण आजारी आहे?" गोव्यात मात्र मी उलटे पाहिले. तिथे रोज सकाळी पोदेर सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवीत दारात येतो आणि पाव देऊन जातो. ज्यांचे रोजचे अन्न पाव, त्यांच्याही घरात तो भाजला जात नाही. मला ही मोठी शहाणपणाची व्यवस्था वाटली. भाकरीला आपल्याकडे पोदेर नाही. भाकरी ज्या त्या घरात, जिच्या तिच्या हाताने.

मुलगी ज्या यंत्राविषयी बोलत होती, ते मी पाहिलेले आहे. नुसते पाहिले नाही, त्याच्या प्रेमातही पडलो होतो. २०२३ साली आम्ही दोघे तिच्याकडे काही महिने राहिलो, तेव्हा थंडीचे दिवस होते. तिच्या ओट्यावर बादलीएवढी एक पेटी होती. रात्री निजण्यापूर्वी आत पाणी, पीठ, मीठ, थोडे तेल, साखर आणि यीस्ट ज्याच्या त्याच्या मापाने टाकायचे, घड्याळ लावायचे आणि खुशाल झोपी जायचे. पहाटे ते आपोआप जागे होई. पेटीच्या तळाशी एक लहानसे पाते असते, ते पीठ मळते. मग यंत्र थांबते, पीठ फुगू देते, पुन्हा थोडे मळते, पुन्हा फुगू देते आणि शेवटी त्याच भांड्यात भाजते. तीन-साडेतीन तासांचा खेळ. सकाळी सहाला मी जिना उतरू लागलो की भाजलेल्या गव्हाचा तो वास जिन्याच्या निम्म्यावर सामोरा येई. परक्या देशात पहाटे जाग आलेल्या म्हाताऱ्याला असे कोणी सामोरे आले, तर त्याचे मन विरघळायला किती वेळ लागतो! तिथे ते यंत्र शोभत होते. घरात दोघेही नोकरीला जाणारी, दोन मुले रोज डब्यात पावच नेणारी, दुकानातल्या पावात साखर फार म्हणून कुरकुर करणारी. आठवड्याला चार पाव होत. अशा घरात ते विकत घ्यावे का, असा प्रश्न मला कोणी विचारला, तर मी हिशेब न करता होय म्हणेन.

जावईबापू व्यवस्थापनशास्त्र शिकलेले. एका रविवारी पाव कापता कापता त्यांनी मला त्या यंत्राची जन्मकथा सांगितली. इकुजिरो नोनाका नावाच्या जपानी प्राध्यापकांनी १९९१ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात ती आलेली आहे. १९८५ साली ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत घरगुती पावयंत्र बनवण्याची खटपट चालली होती. सारे काही जमले, पण पीठ नीट मळले जाईना. पाव वरून करपे आणि आतून कच्चा राही. इंजिनियरांनी यंत्राने मळलेल्या आणि माणसाने मळलेल्या पिठाची क्ष-किरण चित्रे काढून शेजारी शेजारी ठेवली. तरी उमज पडेना. तेव्हा इकुको तानाका नावाची, यंत्राची आज्ञावली लिहिणारी एक बाई पुढे आली. ती म्हणाली, शहरात सर्वांत चांगला पाव ओसाका इंटरनॅशनल हॉटेलात होतो. तिथल्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली मी शिकते. ती खरोखरच गेली. त्याचा हात पाहत राहिली. तेव्हा तिच्या ध्यानात आले की, हा माणूस पीठ नुसते दाबत नाही, ते विशिष्ट तऱ्हेने ताणतो आणि पिळतो. त्याला स्वतःला हे सांगता आले नसते. त्याचा हातच ते करीत होता. वर्षभर खटपट करून, भांड्याला आतून खास कंगोरे बसवून, तो ताण आणि तो पीळ त्यांनी यंत्रात उतरवला, तेव्हा कुठे पाव जमला.

गोष्ट मला फार आवडली. "म्हणजे यंत्राला आधी कोणाची तरी शागिर्दी करावी लागली," मी म्हटले. समोर बसलेल्या सौ.ने विचारले, "त्या पाववाल्याला काय दिलं मग?" ते जावईबापूंना सांगता आले नाही.

तर आता हिशेब. मुलीने सांगितले होते म्हणून मी वही घेऊन बसलो. पीठ, यीस्ट, दूध, तेल, साखर आणि सुमारे अर्धा युनिट वीज धरून माझ्या आकड्यांनी अर्धा किलो पिठाचा पाव ४० रुपयांना पडला. तेवढ्याच वजनाचा पाव बाजारात मी ५५ रुपये धरला. म्हणजे पावामागे १५ रुपयांची बचत. यंत्र १०,००० रुपयांचे समजू. दहा हजारांना पंधराने भागले की ६६७ पाव. आम्ही दोघे म्हातारे आठवड्याला एकाहून अधिक पाव काही खाणार नाही. तेव्हा पैसे फिटायला जवळजवळ तेरा वर्षे लागतील. मी आज ७२ वर्षांचा आहे. पंच्याऐंशीव्या वर्षी मला नफा सुरू होणार, आणि तो चावायला दात लागणार.

उत्तर असे स्वच्छ आले की मला संशय आला. मागच्या तिन्ही वेळा ते असेच स्वच्छ आले होते. म्हणून यंदा मी न बोलता प्रयोग करायचे ठरवले.

लातूरला माझ्या पुतण्याकडे असे एक यंत्र टेबलाखाली पडून आहे, हे मला ठाऊक होते. कोणी तरी लग्नात दिलेले. पहिल्या महिन्यात नऊ पाव झाले, दुसऱ्या महिन्यात दोन, मग त्यावर क्रोशाचे झाकण आले. मी आठ दिवसांसाठी मागितले तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "काका, परत आणायची घाई करू नका." ते मांडीवर घेऊन मी एस्टीने औशाला आलो. शेजारच्या सीटवरच्या माणसाने विचारले, "गुरुजी, बॅटरी का?" मी होय म्हटले. पाव म्हटले असते तर कोण आजारी म्हणून विचारले असते.

पहिला पाव विजेने घालवला. दोन तास झाले होते, पीठ फुगून वर आले होते आणि वीज गेली. अशा यंत्रांतल्या पुष्कळशांना वीज पाच-दहा मिनिटांत परतली तरच मागचे आठवते. त्याहून अधिक वेळ लागला की ती सारे विसरून पहिल्यापासून सुरू होतात. आमच्याकडे वीज पाऊण तासाने आली. तोवर पीठ झाकणाला टेकून खाली बसले होते. ज्यांना हे यंत्र घ्यायचे असेल त्यांनी आधी आपल्या गावच्या विजेची विचारपूस करावी. पुण्या-मुंबईच्या जाहिरातीत ती गोष्ट लिहिलेली नसते. उन्हाळ्याचाही विचार करावा. वैशाखात आमच्याकडे पारा चाळिसापुढे जातो. अशा उकाड्यात रात्री दूध घालून घड्याळ लावून ठेवले, तर पहाटे काय वास येईल हे सांगायला नको.

दुसरा पाव झाला, आणि चांगला झाला. तांबूस, मऊ, वर फुगलेला. सौ.ने एक तुकडा मोडला, हुंगला, खाल्ला. "बरा झालाय," म्हणाली. मी आशेने पाहत राहिलो. "पण जेवायचा कशासोबत?" घरात त्या दिवशी हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेपूची भाजी होती. पावाने ठेचा उचलून पाहा म्हणजे तिच्या म्हणण्याचा अर्थ कळेल. मऊ पाव आणि ठेचा यांची एकमेकांशी ओळखच होत नाही.

तिसरा प्रयोग तिचाच. "ज्वारी टाकून बघा की," ती म्हणाली. माझा तर्क सांगत होता की होणार नाही, पण मी टाकली. साडेतीन तासांनी आतून एक वीट निघाली. पाते तिच्यात रुतून बसलेले. ते काढायला मला उलथने आणि बराच धीर लागला. त्याचे कारण साधे आहे. गव्हाच्या पिठात एक चिवट द्रव्य असते, ग्लूटेन त्याचे नाव. पीठ भिजवून मळले की त्याची जाळी तयार होते. यीस्टने सोडलेला वायू त्या जाळीत अडकतो आणि पाव फुगतो. यंत्राचे ते पाते आणि ओसाकाचा तो पीळ हे सारे त्या जाळीसाठी. ज्वारीत ते द्रव्य नाही. तिला आधणाचे पाणी लागते. उकळत्या पाण्याने तिच्यातले पिष्ट चिकट होते, आणि मग तळहाताच्या टाचेने रगडून रगडून तो चिकटपणा साऱ्या पिठात खेळवावा लागतो. तरीही तो टिकाऊ नव्हे. लगेच थापावी लागते, आणि बेताने थापावी लागते. पीठ जुने असले, दळून पंधरवडा उलटला असला, की तेवढीही विरी राहत नाही. अशी ही लहरी बाई. तिला गव्हाच्या यंत्रात घालणे म्हणजे भजनाला बँड लावण्यासारखे झाले.

एका गोष्टीत यंत्राने बाजी मारली, हे कबूल करतो. फक्त मळायचे काम त्याला दिले तर ते पोळ्यांची कणीक फार सुरेख मळून देते. पंधरा-वीस मिनिटांत लोण्यासारखा गोळा. सौ.ने बोट दाबून पाहिले आणि प्रथमच यंत्राकडे आदराने पाहिले. "हे बरंय. मळायचं वाचतंय," ती म्हणाली. ज्या घरात गव्हाच्या पोळ्या पुष्कळ होतात आणि करणारीचे हात दुखतात, त्या घराने याचा जरूर विचार करावा. पाव हा वरचा लाभ समजावा. पोळीपुरते म्हणाल तर त्याही पुढचे यंत्र निघाले आहे. पुण्यात वाढलेल्या प्रणोती नागरकर आणि त्यांचे पती ऋषी इस्रानी यांनी २००८ साली सिंगापुरात त्यासाठी कंपनी काढली, आणि २०१६ साली त्यांचे यंत्र अमेरिकेत विक्रीला आले. पीठ, पाणी, तेल भरा. मळून, लाटून, फुगलेली पोळी बाहेर येते. तेव्हा त्याची किंमत हजार डॉलरांच्या घरात होती. एका बाईने आठ वर्षे या एका गोष्टीचा पिच्छा पुरवला, याचे मला नवल वाटत नाही. पोळीच्या यंत्राची गरज कोणाला सुचणार होती? मला तर मिक्सरचीही सुचली नव्हती.

आषाढापासून आमची भाकरी पोळी-भाकरी केंद्रातून येत होती. काही बायकांनी मिळून चालवलेले ते केंद्र आहे. कागदात गुंडाळलेल्या भाकऱ्या मी दोन्ही वेळा आणत होतो. भाकरी चांगली असे, पण घरी येईपर्यंत तिला घाम सुटे. एकदा तिथे थांबावे लागले तेव्हा आत नजर गेली. चार बायका ओळीने थापायला बसलेल्या. त्यांतली एक मधूनच थांबून डाव्या हाताने उजवे मनगट चोळत होती. मी पैसे दिले आणि आलो. ही गोष्ट सौ.ला सांगितली नाही.

प्रयोगांचा अहवाल मी मुलीला दिला: पाव चांगला, पण औशाच्या जेवणात बसत नाही, वीज बेभरवशाची, ज्वारी चालत नाही, कणीक उत्तम, पैसे तेरा वर्षांनी फिटतात. एकूण, नको.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णा, पावाचा हिशेब झाला. आता भाकरीचा करा."

"भाकरीचा कसला?"

"आईनं आजवर किती केल्या त्याचा."

फोन ठेवल्यावर मी वही पुन्हा उघडली. आमचे लग्न १९७८ सालचे. तेव्हा घरात अकरा माणसे होती आणि दोन्ही वेळच्या मिळून पंचविसांच्या वर भाकऱ्या होत. आता दोघांत चार. सरासरी बारा धरल्या. सत्तेचाळीस वर्षे, तीनशे पासष्ट दिवस, बारा भाकऱ्या. गुणाकार २,०५,८६० आला. लीप वर्षे मी सोडूनच दिली. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ म्हटले तरी दोनशे पाच क्विंटल. दहा टनी दोन ट्रक भरून वर पाच-सहा पोती उरतील एवढे पीठ त्या एका मनगटाखालून गेले होते. त्यातून माहेरपणाचे आणि बाळंतपणाचे दिवस वजा करावेत म्हणून मी तिला विचारायला गेलो. "माहेरी काय बसून खाल्लं का मी?" ती म्हणाली. "तिथंबी थापल्याच." मी वजाबाकी खोडून टाकली.

मग तीच म्हणाली, "भूकंपाच्या धरल्या का?"

त्या मी धरल्या नव्हत्या. किल्लारी आमच्याच तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. त्या दिवसांविषयी इथे अधिक लिहीत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका सकाळीच परातीपाशी बसल्या, त्या तीन दिवस उठल्या नाहीत. मी आणि माझे विद्यार्थी पोती भरभरून भाकऱ्या जीपमध्ये टाकत होतो. तिकडे मदतीचे पाव आणि बिस्किटेही येत होती. एका झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात मी पाव ठेवला, तर त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारले, "मी आजारी हाय का?" त्याच्या घरातले कोणी उरले नव्हते, हे मला मागाहून कळले. मी पोत्यातून भाकरी काढून दिली. ती त्याने गुडघ्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी मोडली. तिसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा सौ.चे उजवे मनगट सुजून कोपरापर्यंत हात जड झाला होता. मी हळदीचा लेप करून दिला. त्या तीन दिवसांत लेप करणे एवढेच मला स्वयंपाकघरातले काम जमले.

मी वही मिटली. यंत्राविषयीचा मूळ प्रश्न होता तिथेच होता, पण तो आपण कोणाच्या हातांच्या वतीने सोडवीत आहोत, हे मला बहात्तराव्या वर्षी विचारले गेले होते. ओसाकाची ती बाई पाववाल्याच्या हाताखाली शिकायला गेली. माझ्या घरात सत्तेचाळीस वर्षे तसाच एक उस्ताद बसलेला होता आणि मी फक्त गरम गरम वाढून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात घेतली. "काय करायलाव हे?" ती दारातून म्हणाली.

"शिकायलोय."

तिला वाटले थट्टा आहे. मग ती पाटावर येऊन बसली आणि दुखरा हात मांडीवर ठेवून, पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात नुसती बघत राहिली. आधण कडकडीत हवे. पिठात आळे करून ते ओतायचे, उलथन्याने कालवायचे, हाताला सोसेल इतके झाले की रगडायचे. "अजून," ती म्हणे. मला वाटे झाले. "अजून. कडेला कोरडं ऱ्हायलंय." मग उंडा करून, खाली पीठ पसरून थापायचे. इथे माझी विद्या संपली. तिच्या हाताखाली भाकरी आपोआप गरगर फिरत असे. माझ्या हाताखाली ती जागची हलेना. "फिरवायची कशी?" मी विचारले. तिने विचार केला. आपला डावा हात हवेत धरून बोटे हलवून पाहिली, पुन्हा विचार केला आणि म्हणाली, "मी फिरवत नाही. ती फिरतीय." त्या पाववाल्यालाही तानाकाबाईंनी विचारले असते, तर त्याने असेच काही सांगितले असते.

पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा तिच्याकडे पाहून ती म्हणाली, "हा नवा लातूर का जुना उस्मानाबाद?" १९८२ साली आमचा जिल्हा वेगळा निघाला तेव्हा मी मुलांना फळ्यावर असलाच नकाशा काढून दाखवला होता. दुसरीवर पाणी फिरवायला उशीर झाला आणि पोपडे आले. तिसरी उचलताना मोडली. ती मी आईसारखी, दोन तुकडे शेजारी शेजारी मांडून भाजली. चौथीचा अर्धा भाग फुगला. ती तिने खाल्ली. काही बोलली नाही, पण मागून घेऊन पुरती खाल्ली.

आता महिना होत आला. रोज चार भाकऱ्या होतात. रात्री अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, त्याविषयी मी बोललो नव्हतो. पण अमृतांजनाची बाटली देवळीतून उशाशी आलेली तिने पाहिली असावी. पुतण्याचे यंत्र परत करायला लातूरला गेलो. सूनबाईंनी ते निमूटपणे टेबलाखाली ठेवले आणि वर क्रोशाचे झाकण घातले. मी सोबत दोन भाकऱ्या नेल्या होत्या. पुतण्याने खाऊन विचारले, "काकूचा हात बरा झाला वाटतं?"

वसुबारसेच्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. सूट अजून चार दिवस होती. मी फोन सौ.कडे दिला. "पाव नको बाई," ती म्हणाली. "तुझे अण्णा शिकायलेत. कड अजून जाड ठेवतेत, पण फुगायलीय." मग माझ्याकडे पाठ करून, मला ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात म्हणाली, "भाकरीचं मशीन निघालंय का कुठं, ते बघून ठेव. ह्यांचं मनगट दुखायलंय."